विश्लेषण : वडिलांची राजदूत ठेवायची की मोडीत काढायची? जुन्या मोटारसायकलींबाबत नियम काय सांगतात?

वीस वर्षांहून जुन्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दुप्पट झाले. दुसरीकडे ५० वर्षे ओलांडलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा मान देणारे नियम २०२१ पासून लागू आहेत. या दोन टोकांच्या मध्ये हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या ओसरीत उभ्या असलेल्या राजदूत, येझदी, बुलेट आणि आरएक्स १०० अडकल्या आहेत. त्यांचे पुढे काय?

सध्या हा विषय का चर्चेत आहे?

तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढवले. मोटारसायकलसाठी ते १ हजारावरून २ हजार रुपये झाले. राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याची सक्ती झाली आणि तिला वारंवार मुदतवाढ द्यावी लागली. त्याच काळात पंपावर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्रास मिळू लागले.

नव्या गाडीला या तिन्हींचा फारसा त्रास नाही. जुन्या मोटारसायकलीला मात्र कागद, पाटी आणि इंधन असे तिन्ही प्रश्न एकदम पडले. त्यातून ‘आता जुनी गाडी बंदच होणार’ अशी चर्चा गावोगावी सुरू झाली आणि अनेकांनी घाबरून गाड्या भंगारात घातल्या. प्रत्यक्षात नियम तसे सांगत नाहीत.

मराठवाड्यात या गाड्या इतक्या का रुजल्या?

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हा जिल्हा. शेतावर, बाजाराला, दवाखान्यात जायचे तर एसटीची वाट पाहायची किंवा स्वतःची गाडी हवी. कच्चे रस्ते, पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल आणि मागे दुधाचे कॅन किंवा खताचे पोते, अशा वापराला टिकणारी गाडी म्हणून राजदूतने जागा मिळवली.

एस्कॉर्ट्स कंपनीची ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल पोलंडच्या ‘एसएचएल एम ११’ या गाडीवर बेतलेली होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती आली आणि २००५ च्या सुमारापर्यंत बनत राहिली. तिची रचना इतकी साधी की पाना, पक्कड आणि पॉइंट साफ करायला पॉलिश पेपरचा तुकडा असला तरी रस्त्यात दुरुस्ती व्हायची. धर्मेंद्र यांच्या जाहिरातीने ती घराघरांत पोहोचली. ‘बॉबी’ (१९७३) या चित्रपटात दिसलेल्या तिच्या लहान भावंडाला लोकांनी ‘बॉबी’ हेच नाव दिले.

बुलेटची गोष्ट वेगळी. भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. त्या मागणीतून इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एन्फिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये ‘एन्फिल्ड इंडिया’ स्थापन केली. इंग्लंडमधली मूळ कंपनी पुढे बंद पडली, मद्रासची मात्र चालू राहिली. १९९४ मध्ये ती आयशर समूहाकडे गेली. गावात बुलेट म्हणजे पाटील, ठेकेदार किंवा फौजदार, अशी ओळख बरीच वर्षे होती.

तिसरी परंपरा म्हैसूरची. चेकोस्लोव्हाकियाच्या ‘जावा’ कंपनीच्या परवान्यावर ‘आयडियल जावा’ने १९६१ मध्ये तिथे उत्पादन सुरू केले. १९७३ नंतर त्याच गाड्या ‘येझदी’ नावाने आल्या. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आले आहे. गिअरचा दांडा आणि किक एकच, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, ही तिची खूण. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला.

शेवटी आली यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढीच अकरा वर्षे ती बनली. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण पळ असा की आजही तरुण मुले तिच्यासाठी नव्या गाडीएवढे पैसे मोजायला तयार असतात.

पंधरा वर्षांनंतर गाडी आपोआप बाद होते का?

नाही. सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणू नये, हा निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरापुरता आहे. तो राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला. महाराष्ट्रात तो लागू नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. लोक याला ‘पुन्हा पासिंग’ म्हणतात. गाडी सुस्थितीत असेल तर हे किती वेळा करावे यावर वरची मर्यादा नाही. नमुना २५ मधला अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो.

२०२१ मध्ये जाहीर झालेले वाहन मोडीत काढण्याचे धोरणही खासगी मालकासाठी ऐच्छिक आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी जमा केली तर प्रमाणपत्र मिळते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. पण गाडी जमा केलीच पाहिजे असे बंधन नाही. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण न करण्याचा नियम सरकारी वाहनांसाठी आहे.

मग खर्च किती येतो?

पंचवीस-तीस वर्षांची एखादी राजदूत धरू. कागद वेळेवर असतील तर साधारण हिशेब असा :

– नोंदणी नूतनीकरण : २,००० रुपये (गाडी १५ ते २० वर्षांची असेल तर १,००० रुपये)
– राज्याचा पर्यावरण कर : दुचाकीसाठी ५ वर्षांचे २,००० रुपये
– एचएसआरपी : ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये
– तृतीय पक्ष विमा : जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार १५० ते ३५० सीसीसाठी वर्षाला १,३६६ रुपये अधिक जीएसटी. आरएक्स १०० सारख्या ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये अधिक जीएसटी
– पीयूसी : ५० रुपये

सगळे मिळून पहिल्या वर्षी सहा हजारांच्या थोडे वर. पुढची चार वर्षे फक्त विमा आणि पीयूसी. म्हणजे सांभाळलेल्या गाडीला हा खर्च परवडणारा आहे.

खरी मेख उशिरात आहे. नोंदणीची मुदत संपल्यावर मोटारसायकलसाठी दर महिन्याला ३०० रुपये जादा आकारण्याची तरतूद आहे. पाच वर्षे दुर्लक्ष झाले तर ६० महिन्यांचे १८ हजार रुपये होतात. भंगारवाला त्याच गाडीचे काही हजारच देतो. ‘पासिंग करण्यापेक्षा विकून टाकू’ हा निर्णय बहुतेक ठिकाणी याच आकड्यापाशी होतो. त्यामुळे मुदत कधी संपते हे आरसी बुकवर आजच पाहणे, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हिंगोलीत कागदपत्रांची अडचण जास्त का?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. आज इथल्या गाड्यांना एमएच ३८ हा क्रमांक मिळतो. त्याआधीच्या गाड्या परभणीच्या एमएच २२ वर किंवा नांदेडच्या एमएच २६ वर दिसतात. त्याहून जुन्या, १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर तर तीन इंग्रजी अक्षरांची जुनी मालिका आहे. म्हणजे गाडी सेनगावच्या वाड्यात आणि तिचा मूळ कागद दुसऱ्याच जिल्ह्याच्या कार्यालयात, अशी स्थिती.

पूर्वी या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये होत. आता सर्व कामे ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर होतात. जुनी नोंद त्या प्रणालीत चढलेली नसेल, तर नूतनीकरण होत नाही आणि एचएसआरपीची मागणीही नोंदवता येत नाही. त्यासाठी आधी ‘बॅकलॉग नोंद’ करून घ्यावी लागते. गाडीची मूळ नोंदणी ज्या कार्यालयात झाली तिथे आरसी बुक, चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप आणि ओळखीचे कागद घेऊन जावे लागते.

दुसरी अडचण नावाची. गाडी आजोबांच्या नावावर, चालवतो नातू. कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे गाडी करायची. अनेक घरांत शेतीचा फेरफार होतो, गाडीचा राहून जातो. वीस वर्षांनी सर्व वारसांच्या सह्या गोळा करणे सोपे नसते. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशन करता येते. ज्यांचे वडील हयात आहेत आणि गाडी त्यांच्या नावावर आहे, त्यांनी हे काम आत्ताच उरकावे.

तिसरी अडचण ‘टीटी फॉर्म’वरच्या व्यवहाराची. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी तीन-चार हातांतून फिरते आणि मूळ मालक सापडत नाही. अशा गाडीने अपघात झाला आणि विमा नसला, तर भरपाईचा दावा कागदावरच्या मालकाच्या दारात येऊ शकतो. म्हणून गाडी विकणाऱ्यानेही नाव बदलले की नाही याची खात्री केली पाहिजे.

‘व्हिंटेज’ नोंदणी म्हणजे नेमके काय?

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ अ पासून नवे नियम जोडले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. अट अशी की ती मूळ रूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

अर्ज ‘परिवहन’ संकेतस्थळावरून नमुना २० मध्ये करायचा. सोबत विमा, शुल्क आणि जुने आरसी बुक. राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते आणि ६० दिवसांत प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. नव्या नोंदणीला २० हजार आणि पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षे टिकते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ ही खास मालिका मिळते. अशी गाडी विकता येते, पण विकणारा आणि घेणारा या दोघांनी ९० दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. वाहन मोडीत काढण्याच्या धोरणातूनही या गाड्या वगळल्या आहेत.

२०२६ मध्ये हिशेब केला तर १९७६ पर्यंतच्या गाड्या यात बसतात. म्हणजे सगळ्या जुन्या जावा, सुरुवातीच्या येझदी, राजदूतची पहिली दीड दशके आणि त्या काळातली बुलेट. १९७८ ची येझदी रोडकिंग २०२८ पासून पात्र ठरेल. आरएक्स १०० ला २०३५ पर्यंत थांबावे लागेल.

व्हिंटेज नोंदणी प्रत्येकाने घ्यावी का?

इथे नीट विचार करायला हवा. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती आणि तिथे जाणे-येणे एवढ्यासाठीच परवानगी आहे. हिंगोलीच्या दसरा महोत्सवात रामलीला मैदानावर ती मांडता येईल. पण तिच्यावरून रोज वसमतच्या हळद बाजारात जाता येणार नाही.

त्यामुळे निवड सरळ आहे. गाडी शेतावर, बाजारात चालते आहे, तर नेहमीचे पाच वर्षांचे नूतनीकरणच योग्य. गाडी फक्त आठवण म्हणून जपायची, वर्षातून दोनदा पुसून बाहेर काढायची आणि ती पूर्ण मूळ रूपात आहे, तर व्हिंटेजचा विचार करावा.

धोरणातली उणीव मात्र इथेच दिसते. २० वर्षांनंतर शुल्क वाढते आणि ५० वर्षांनंतर मान मिळतो. मधल्या ३० वर्षांसाठी काहीच नाही. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांच्या गाडीला रस्ता करातून सूट मिळते आणि मोठे फेरफार नसतील तर वार्षिक तपासणीतूनही. दोन्ही ठिकाणी ती गाडी स्वतःच्या कामासाठी चालवायला बंदी नाही. आपल्याकडे मराठवाड्याच्या रस्त्यांवर खऱ्या अर्थाने राबलेल्या १९७६ ते २००५ मधल्या गाड्या याच मधल्या पट्ट्यात येतात. त्या जुन्या म्हणून महाग पडतात, पण वारसा म्हणून मोजल्या जात नाहीत.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत ऑइलही जळते आणि धूर जास्त होतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही इंजिने बाजारातून गेली. गाडी जुनी असेल तर ब्रेक, दिवे आणि चाके तपासणे गरजेचेच आहे. प्रश्न तपासणीचा नाही, सुस्थितीतली जुनी गाडी आणि धूर ओकणारे खटारे यांना एकाच मापाने मोजण्याचा आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या इंजिनाला चालते का?

चालते, पण काळजी घेऊन. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल नळ्या, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. पेट्रोलियम मंत्रालयानेही काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात, असे ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि आतून गंज चढतो. शिवाय त्याच जेटमधून मिश्रण थोडे पातळ जाते. टू-स्ट्रोक इंजिनात त्याने उष्णता वाढून पिस्टन जाम होण्याची भीती असते.

उपाय साधे आहेत. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. नळ्या आणि वॉशर नवे बसवा. कार्बोरेटर जाणकाराकडून जुळवून घ्या. ऑइलचे प्रमाण अंदाजाने नव्हे, मापाने घाला.

गंमत अशी की हे इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदळापासून बनते. म्हणजे शेतकऱ्याच्या मालाला ज्या धोरणातून नवे गिऱ्हाईक मिळाले, त्याच धोरणाची थोडी झळ त्याच्या जुन्या गाडीलाही बसते आहे.

गाडी पुन्हा उभी करताना काय टाळावे?

सर्वांत मोठी चूक म्हणजे इंजिन किंवा चेसिस बदलणे. आरसीवरच्या क्रमांकाशी जुळले नाही तर नूतनीकरण अडते आणि पुढे व्हिंटेजचा रस्ताही बंद होतो. सांगाडा कापून ‘मॉडिफाय’ केलेल्या गाडीचेही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. बुलेटला फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर बसवणे हा तर थेट दंडाला आमंत्रण देणारा प्रकार.

सुट्या भागांची स्थिती गाडीगणिक वेगळी आहे. बुलेटचे बीडाचे जुने इंजिन मूळ आराखड्यात फार बदल न होता २०१० च्या सुमारापर्यंत बनत होते. त्यामुळे तिचे भाग सहज मिळतात. राजदूत आणि येझदीच्या मूळ कंपन्यांचे उत्पादन थांबून दोन-तीन दशके झाली. तिथे जुना साठा किंवा नक्कल केलेले भाग यांवरच भागवावे लागते. ‘जावा’ आणि ‘येझदी’ ही नावे अलीकडे नव्या कंपनीने बाजारात आणली असली तरी त्या गाड्यांचे इंजिन पूर्ण वेगळे आहे. त्यांचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक, वायरिंग, टायर आणि शेवटी रंग व क्रोम. बहुतेक जण उलटे करतात. रंगावर पैसे घालवतात आणि गाडी कागदांअभावी दारातच राहते. विकत घेणाऱ्याने तर आरसी बुक हातात नसेल आणि क्रमांक ‘वाहन’ प्रणालीत दिसत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी पुढे जाऊ नये. ती गाडी चोरीची किंवा नोंदणी रद्द झालेली असू शकते.

पुढे काय?

जुन्या गाडीला आज कायद्यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. पॉइंटचे अंतर डोळ्यांनी जुळवणारा आणि किकच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा मिस्त्री आता साठीत आहे. २०२० च्या बीएस ६ निकषांनंतर दुचाकीतून कार्बोरेटर जवळपास गेला. नव्या मुलांचे शिक्षण स्कॅनरवर होते. ही हातोटी पुढच्या पिढीने उचलली नाही, तर सगळे कागद असूनही गाडी चालू होणार नाही.

तोवर मालकाच्या हातात तीन कामे आहेत : आरसीची मुदत पाहणे, नोंद ‘वाहन’वर आहे का हे तपासणे आणि गाडी हयात माणसाच्या नावावर करून घेणे. वडिलांची राजदूत ठेवायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. पण तो अफवेवर नव्हे, आरसी बुक उघडून आणि हिशेब मांडून व्हावा.